खलनायकाचा हेतू पुढच्या भागावर ढकलताय? या चुका टाळा

सिनेमा दोन किंवा तीन भागांत करायचा ठरलं की लेखकांच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं: "तो असं का वागतो, ते दुसऱ्या भागात सांगू." सगळे माना डोलावतात. एक अवघड काम पुढे गेलेलं असतं आणि प्रेक्षकांची उत्सुकताही टिकेल असं वाटत असतं. मग एडिटला बसल्यावर लक्षात येतं की नायक धावतोय, मार खातोय, जिंकतोय, पण समोरच्या माणसाला नक्की काय हवं होतं हेच कळत नाही. तोवर शूटिंग उरकलेलं असतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. खलनायकाला या भागात काय हवंय आणि त्यासाठी तो कुठल्या थराला जाईल, हे त्याच भागात कळायला हवं. तो असा कसा घडला, हे पुढच्या भागात आलं तरी चालेल, कधीच आलं नाही तरी चालेल. खाली दिलेल्या बहुतेक चुका या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने होतात.

हेतूच्या जागी भूतकाळ लिहिणं

'शोले'तला (1975) गब्बर कुठल्या घरात वाढला, डाकू का झाला, याबद्दल सिनेमा अवाक्षर काढत नाही. तरी त्याच्या वागण्यात संदिग्ध काही नाही. गावावर त्याला धाक हवा आहे, धान्य हवं आहे. ठाकूरने त्याला पकडून तुरुंगात धाडलं, तो पळाला, त्याने ठाकूरचं कुटुंब संपवलं आणि पुढे त्याचे हात तोडले. हे वैर त्याच सिनेमात, फ्लॅशबॅकमध्ये, पूर्ण उलगडतं. मूळ अंधारात आहे, हेतू उजेडात.

'द डार्क नाइट'मधला (2008) जोकर आणखी पुढे जातो. चेहऱ्यावरच्या जखमांची तो एकदा एक गोष्ट सांगतो, नंतर दुसरीच. म्हणजे भूतकाळाचं दार लेखकांनी मुद्दाम लावून घेतलंय. पण त्याला काय सिद्ध करायचंय हे लख्ख कळतं: वेळ आली की सभ्य माणसंही त्याच्यासारखीच वागतात. दोन बोटींचा प्रसंग, ज्यात प्रत्येक बोटीतल्या लोकांच्या हाती दुसरी बोट उडवायचं बटण दिलेलं असतं, या एका हेतूवर उभा आहे. हेतू कळला नसता तर तिथे फक्त स्फोटकं आणि घड्याळ उरलं असतं.

तुमच्या ड्राफ्टमध्ये खलनायकाचं बालपण तीन पानं व्यापत असेल, पण "तो उद्या सकाळी उठून काय करणार?" याला उत्तर नसेल, तर पानं चुकीच्या जागी खर्च झाली आहेत. बालपण बाजूला ठेवा. आधी उद्याची सकाळ लिहा.

उत्कंठा चुकीच्या प्रश्नावर टांगणं

'बाहुबली'चं उदाहरण नेहमी दिलं जातं आणि नेहमी अर्धवट दिलं जातं. पहिला भाग जुलै 2015 मध्ये आला, दुसरा एप्रिल 2017 मध्ये. मधला सगळा काळ कटप्पाने बाहुबलीला का मारलं हा प्रश्न लोकांच्या तोंडी होता. त्यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की कारण लपवलं की झालं. पण कटप्पा खलनायक नाही. खलनायक भल्लाळदेव आहे, आणि त्याला काय हवंय याबद्दल पहिल्या भागात काहीही झाकलेलं नाही. त्याला सिंहासन हवंय. कालकेयांच्या युद्धानंतर शिवगामी राजा म्हणून भावाचं नाव घेते, तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

राखून ठेवलेला प्रश्न निष्ठावान माणसाच्या कृत्याचा आहे. कटप्पाची निष्ठा आपण भागभर पाहिलेली असते, म्हणून तो वार आपल्यालाही बसतो. प्रेक्षकाजवळ आधी पुरेशी माहिती असेल तरच न सांगितलेली गोष्ट टोचते. काहीच माहिती नसेल तर उत्सुकता तयार होत नाही, नुसती पोकळी राहते.

ही पोकळी पाहायची असेल तर 'स्टार वॉर्स'मधला स्नोक पाहा. 2015 च्या भागात तो कोण, कुठून आला, हे सांगितलेलं नाही. 2017 मध्ये तो मारला जातो. आणि 2019 मध्ये ओझरतं कळतं की त्याला दुसऱ्याच कुणी घडवलं होतं. त्याच तीन भागांतला कायलो रेन मात्र उभा राहतो. आजोबांचं अपुरं काम त्याला पुरं करायचंय आणि स्वतःतला चांगुलपणा त्याला छळतो, हे पहिल्याच भागात कळतं. तो गुरूवर का उलटला, ती रात्र दुसऱ्या भागासाठी ठेवली आहे, आणि ती वेगवेगळ्या बाजूंनी सांगितल्यामुळे प्रत्येक वेळी त्याच्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते. राखून ठेवावं ते असं.

सावलीतला मोठा शत्रू आणि समोरचा पोकळ हस्तक

'मार्व्हल'च्या सिनेमांतला महाखलनायक थॅनोस 2012 मध्ये क्षणभर दिसला आणि त्याचा हेतू नीट उलगडला 2018 मध्ये, मग आम्ही का थांबू नये, असं विचारलं जातं. थांबा की, पण मधल्या सिनेमांनी काय केलं तेही पाहा. 2012 मध्ये समोर लोकी होता आणि त्याला पृथ्वीवर राज्य हवं होतं. 2014 मध्ये रोनन होता, त्याला एक अख्खा ग्रह नष्ट करायचा होता. प्रत्येक सिनेमाला स्वतःचा, स्वतःची हाव असलेला खलनायक होता. आणि थॅनोस मुख्य भूमिकेत आला तेव्हा त्याचं सगळं गणित त्याच सिनेमात मांडलं गेलं: संसाधनं अपुरी पडून त्याचा ग्रह उजाड झाला, म्हणून विश्वातली निम्मी जीवसृष्टी संपवायची; आणि त्यासाठी तो मानलेल्या मुलीचाही बळी देतो.

नक्कल करणारे यातली फक्त सावली उचलतात. समोर असतो एक हस्तक, आणि त्याचा प्रत्येक संवाद "मालकांचा हुकूम आहे" इथे येऊन थांबतो. यावर उपाय आहे. हस्तकाचा मालकाशी झालेला सौदा ठरवा. हे काम केलं तर त्याला काय मिळणार, नाही केलं तर त्याचं काय जाणार? तो सौदा पडद्यावर दिसला की मालक पुढच्या भागापर्यंत सावलीत राहू शकतो.

यात धंद्याचा धोकाही आहेच. 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या दोन्ही भागांत अंधारातला एक माणूस पेरला होता. दुसरा भाग 2014 मध्ये आला आणि तिसरा कधी बनलाच नाही.

नंतर नको तितकं सांगणं

ही चूक उशिरा होते आणि आधीच्या चांगल्या भागालाही मागे जाऊन धक्का देते. 'हॅलोविन'मधला (1978) मायकल मायर्स का मारतो याला कारणच नाही, त्यामुळे तो कुणाच्याही दारात उभा राहू शकतो. 1981 च्या भागाने सांगितलं की नायिका त्याची बहीण आहे. कारण मिळालं आणि भीतीला कुंपण पडलं: तो त्याच्या घरच्यांच्या मागे आहे, आपल्या नाही. 2018 च्या सिनेमाने ते नातं सरळ रद्द केलं.

जेम्स बाँडच्या 'स्पेक्टर'मध्ये (2015) खलनायक ब्लोफेल्ड सांगतो की बाँडच्या आधीच्या सगळ्या दुःखांमागे आपणच होतो. मला यात सर्वात जास्त वाईट वाटतं ते आधीच्या 'स्कायफॉल'चा खलनायक सिल्व्हाचं. त्याला त्याची वरिष्ठ असलेल्या, बाँडचीही बॉस असलेल्या एमनेच शत्रूच्या हाती सोपवलं होतं, विषाची गोळी खाऊनही तो मेला नाही, आणि त्या यातनांतून त्याचा सूड आला होता. इतका स्वतःचा हेतू असलेला माणूस एका वाक्यात दुसऱ्याचं प्यादं झाला. जुन्या भागाचं कारण नव्याने लिहिताना आधी कुणाचा हेतू हिरावला जातोय ते तपासा.

सगळं एका भाषणात ओतणं

क्लायमॅक्सला खलनायकाने उभं राहून आपली कैफियत मांडू नये. ती माहिती मध्यंतराआधी, त्याच्या कृतीतून यायला हवी.

संहिता तपासताना

पुढचा भाग येणार हे ज्याला माहीत नाही अशा माणसाला संहिता वाचायला द्या आणि एक वाक्य पूर्ण करायला सांगा: "त्याला अमुक हवंय, आणि ते मिळालं नाही तर त्याचं अमुक होईल." पहिली जागा भरली आणि दुसरी रिकामी राहिली, तर हेतू आहे पण त्याची निकड नाही. दोन्ही रिकाम्या असतील तर पुढच्या भागाचं बोलणं थांबवून इथेच बसा.

आणि शूटिंग जवळपास संपलंय, हातात एखाद्या दिवसाचं काम उरलंय, तेव्हा हे लक्षात आलं तर? नवा फ्लॅशबॅक लिहू नका. खलनायक काहीतरी नाकारतो असा एकच प्रसंग घ्या. त्याला पैसे देऊ करा, तो घेत नाही. पळून जायची वाट द्या, तो जात नाही. नायकाला मारायची आयती संधी द्या आणि तो नायकाऐवजी टेबलावरचा एक कागद उचलून निघून जाऊ दे. तो कागद कशाचा आहे हे दुसऱ्या भागात सांगितलं तरी चालेल.