५० मीटर रायफल: साईटचा नॉब फिरवण्याआधी या चुका टाळा

मराठवाड्यातला बहुतेक रायफल नेमबाज १० मीटरच्या बंद हॉलमध्ये तयार होतो. चार भिंती, ट्यूबलाइट, वारा नको म्हणून पंखासुद्धा बंद. एअर रायफलचा स्कोअर बरा यायला लागला की तो .२२ रायफलीकडे वळतो आणि स्पर्धेसाठी पुण्याला बालेवाडीला, नाहीतर मुंबईला वरळीला जातो. तिथे समोर ५० मीटरचं उघडं मैदान असतं. पहिल्या दहा गोळ्यांत दोन-तीन नऊ दिसले की हात आपोआप डायॉप्टरच्या (मागच्या साईटच्या) नॉबकडे जातो. माझ्या मते वाऱ्यापेक्षा जास्त गुण हा हात घालवतो.

आधी मापं समजून घ्या. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड रेषेला लागली तरी दहा मिळतो, म्हणजे मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत तुम्ही सुरक्षित. आता वारा बघा. सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वारा .२२ ची मॅच गोळी ५० मीटरवर साधारण ५ ते ६ मिलिमीटर सरकवतो. दीड मीटरचा वारा गालाला जेमतेम कळतो, पण तेवढ्यात बरोबर नेमलेला दहा नऊवर जातो. आणि तुम्हाला वाटतं की ट्रिगर चुकला.

ग्रुप न वाचता क्लिक देणं

नॉबचा एक टप्पा म्हणजे एक क्लिक. एका गोळीवर साईट हलवू नका. दोन गोळ्यांवरही नको. ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, पडू द्या आणि त्याचा आकार बघा, कारण दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा आकारच सांगतो.

ग्रुप उभा लांबत असेल तर आधी श्वास तपासा. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेमताना, श्वास घेतला की छाती वर येते आणि नळीचं तोंड खाली जातं, श्वास सोडला की नळी वर येते. दर वेळी श्वास वेगळ्या ठिकाणी थांबला तर गोळ्या एकाखाली एक पडणारच. श्वास ठीक असेल तर स्लिंग, म्हणजे दंडाला बांधून रायफल पेलणारा पट्टा, बघा. दंडावरून स्लिंग हळूहळू खाली घसरत असेल तर गोळ्याही खाली खाली जात राहतात. तिसरा संशयित गोळ्यांचा लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेल्या गोळ्या. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असला तर निव्वळ गणिताने ५० मीटरवर सात मिलिमीटरच्या आसपास उंचीचा फरक पडतो. स्वस्त गोळीवर सराव करून स्पर्धेत स्वतःला दोष देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

ग्रुप आडवा पसरला तर वारा किंवा शरीराचा रोख. पण नीट बघा, तो अगदी आडवा आहे की तिरपा? उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) नळीतून सुटलेली गोळी उजवीकडच्या वाऱ्यात नुसती डावीकडे जात नाही, किंचित वरही चढते. डावीकडच्या वाऱ्यात ती उजवीकडे आणि थोडी खाली उतरते. म्हणजे घड्याळातल्या दहाकडून चारकडे जाणारी तिरपी रेघ दिसली तर ती वाऱ्याची सही समजा. अशा वेळी नुसते डावे-उजवे क्लिक देऊन उरलेला दोष ट्रिगरच्या माथी मारला जातो. अर्थात अशीच रेघ रायफल कधी सरळ, कधी कललेली धरल्यानेही येऊ शकते. उजवीकडे कलली की गोळी उजवीकडे आणि खाली. म्हणून रेंजवरचा वाऱ्याचा झेंडा शांत असताना दहा गोळ्या मारून बघा. तरीही रेघ आली तर दोष धरण्यात आहे.

दोन वेगळे, छोटे, नेटके ग्रुप पडले तर मधे काहीतरी बदललं. उठून पाणी पिऊन आलात, गाल चीकपीसवर (स्टॉकच्या गाल टेकवायच्या भागावर) अर्धा इंच पुढे गेला, किंवा स्टॉकचा एखादा स्क्रू सैल झाला. शेवटची शक्यता सगळ्यात शेवटी तपासली जाते आणि ती तपासायला सगळ्यात कमी वेळ लागतो. सराव सुरू करण्याआधी टॉर्क रेंचने स्क्रू बघून घ्या, विषय संपला.

ग्रुप गोल पण मोठा असेल तर फोरसाईटची (पुढच्या साईटची) रिंग फार लहान घेतलेली असण्याचा संभव बराच. लहान रिंगमध्ये काळा गोल अडकवून ठेवण्याच्या नादात नेमबाज अति नेमतो, सोडायला उशीर करतो आणि डोळा थकतो. एक माप मोठी रिंग लावून बघा.

आणि ग्रुप गोल, लहान, पण मध्यापासून बाजूला असेल तर? आता द्या क्लिक. पण एका क्लिकने गोळी किती मिलिमीटर सरकते हे मोजलेलं असू द्या. शांत हवेत दहा गोळ्या, मग वीस क्लिक, मग पुन्हा दहा गोळ्या. दोन्ही ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर भागिले वीस. हे काम एकदाच करायचं असतं, तरी फार थोडे जण करतात.

ओढूनताणून नेम लावणं

१० मीटरवर ताकदीने रायफल मध्यावर आणून दहा मारणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत. ५० मीटरवर ते खपत नाही. पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साईट जिथे दिसेल तो तुमच्या शरीराचा खरा रोख. तो टार्गेटच्या बाजूला असेल तर हाताने ढकलू नका. डावा कोपर जागेवर ठेवून कंबर आणि पाय सरकवा (डावखुऱ्यांनी उलट वाचावं). साईट वर-खाली बसत असेल तर अख्खं शरीर थोडं पुढे घेतल्याने नेम खाली येतो, मागे घेतल्याने वर जातो. प्रत्येक दहा गोळ्यांनंतर हे पुन्हा तपासा, कारण मॅटवर कोपर नकळत सरकतो. साईट नाडीच्या ठेक्यावर उडत असेल तर स्लिंग धमनीवर बसला आहे. तो दंडावर वर घ्या, थोडा बाहेरच्या बाजूला फिरवा.

फक्त सकाळच्या शांत हवेत सराव

ही आपल्याकडची खास चूक आहे. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला रेंजवर यायचं, साडेआठला गाशा गुंडाळायचा. मे महिन्यात परभणीत किंवा जालन्यात दुपारी जॅकेट घालणं ही शिक्षा आहे, मान्य. पण स्पर्धेची तुमची रिले (पाळी) अकरा वाजता लागली तर? काळी माती तापली की वारा दिशा सोडतो, मधेच वावटळ उठते. जूनच्या तोंडाला पश्चिमेचा वारा सलग वाहतो. हे सगळं वाचायला शिकायचं तर त्यातच गोळी मारावी लागते. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला शेतकरी वाऱ्याचा अंदाज घेतल्याशिवाय पहिला फवारा मारत नाही, आणि आपण मॅचची पहिली गोळी तशीच सोडतो.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मीटरच्या रेंजवर झेंडे फायरिंग लाइनपासून १० आणि ३० मीटरवर लावतात. तुमच्या रेंजवर नसतील तर काठीला हलकी रिबिन बांधून त्याच अंतरावर रोवा. नवखा नेमबाज टार्गेटजवळच्या झाडाची पानं बघत बसतो. पण तेवढ्याच वेगाचा वारा तुमच्याजवळ असेल तर गोळी जास्त भरकटते, कारण लागलेलं वळण घेऊन तिला उरलेलं सगळं अंतर कापायचं असतं. म्हणून १० मीटरचा झेंडा आधी बघा.

वाऱ्याशी वागण्याची सोपी रीत अशी: साईटर्समध्ये (मॅचआधीच्या, गुण न धरल्या जाणाऱ्या गोळ्यांत) वारंवार येणारी एक स्थिती निवडा, त्या स्थितीला झिरो करा, म्हणजे त्यात गोळी मध्यात पडेल अशी साईट लावा, ती परत आली की गोळी सोडा, नसेल तर थांबा. थांबण्यालाही मर्यादा आहे. प्रोनच्या ६० गोळ्यांना ५० मिनिटं मिळतात, म्हणजे गोळीमागे ५० सेकंद. पहिल्या वीस मिनिटांत दहाच गोळ्या मारल्या तर शेवटी कुठल्याही वाऱ्यात मारत सुटावं लागतं. सरावात घड्याळ समोर ठेवा.

उन्हाळ्यात आणखी एक फसवणूक म्हणजे मृगजळ. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि टार्गेटचं चित्र ज्या बाजूला हवा वाहते तिकडे सरकलेलं दिसतं. तुम्ही नेमता त्या चित्रावर. सलग फायरिंगने तापलेली नळीही साईटसमोर अशीच थरथर उभी करते. नळीवर कापडी पट्टी ताणून लावली की हा दुसरा भाग बराच आटोक्यात येतो.

गोळ्या गाडीत ठेवणं

बंद गाडीत, उन्हात, डॅशबोर्डवर गोळ्यांची पेटी. नको. तापलेल्या गोळीचा वेग बदलतो आणि .२२ च्या शिशावरचं मेणचट वंगण पातळ होतं. थर्मासच्या पेटीत ठेवा, बर्फ न घालता. लॉट तपासताना तीन गोळ्यांच्या सुंदर ग्रुपवर भाळू नका, दहा-दहाचे चार-पाच ग्रुप मारा आणि सगळ्यात वाईट ग्रुपवरून लॉट निवडा. नळी साफ केल्यावरच्या पहिल्या काही गोळ्या भरकटतात, वंगणाचा थर पुन्हा बसेपर्यंत. स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी लख्ख करण्याची हौस म्हणूनच महागात पडते.

फक्त प्रोन

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. पोरगा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. फायनलमध्ये नीलिंगनंतर (गुडघ्यावर बसून) तो पहिल्या तिनात नव्हता, स्टँडिंगने (उभ्याने) त्याला वर आणलं. आपल्याकडे मात्र प्रोनमध्ये स्कोअर दिसतो म्हणून सगळा सराव प्रोनचा. पात्रता फेरीत नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंगच्या वीस-वीस गोळ्या दीड तासात मारायच्या असतात. पोझिशन बदलण्याचा वेळही त्यातच. तो बदल घड्याळ लावून घरीच घोटवा, त्याला गोळी लागत नाही. ड्राय (गोळीविना) सराव करताना मात्र .२२ सारख्या रिमफायर रायफलीची पिन रिकाम्या चेंबरवर आपटू देऊ नका, चेंबरच्या कडेला घाव बसू शकतो. रायफलीत ड्राय फायरची सोय असेल तर ती वापरा.

प्रवास आणि परवाना

नांदेडहून किंवा लातूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघून सकाळी उतरून थेट मॅच, असं करू नका. रात्रभर गचके खाल्लेली मान नीलिंगमध्ये लगेच बोलते. एक दिवस आधी पोहोचा आणि शक्य असेल तर तुमच्या रिलेच्या वेळेलाच रेंजवर जाऊन झेंडे बघत बसा. चहाची सवय असेल तर त्या सकाळी सोडू नका, नसेल तर सुरू करू नका.

शेवटचं, पण यात चूक झाली तर स्कोअरचा प्रश्नच उरत नाही. .२२ रायफल शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ खाली येते. परवाना, वाहतुकीची कागदपत्रं आणि गोळ्यांचा हिशोब सोबत हवा. "रानात आपलंच शेत आहे, तिथे लांबून मारून बघू" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. .२२ ची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि तुरीच्या ओळीत कोण वाकलेलं आहे ते साईटमधून दिसत नाही. मागे मातीचा बांध असलेली, मान्यता असलेली रेंज जवळ नसेल तर महिन्यातून दोनदा लांबच्या रेंजवर जा आणि मधले दिवस घरी ड्राय करा.