आधी मॉनिटर ठरवा, मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डमध्ये पैसे वाटा

अमुक प्रोसेसरला तमुक कार्ड चालेल का, असं विचारत गेमिंग पीसीची जुळवाजुळव सुरू करू नका. तोच प्रोसेसर आणि तेच कार्ड एका मॉनिटरवर उत्तम जमतं, दुसऱ्यावर त्यातलं एक जण रिकामं बसून राहतं. त्यामुळे दोन गोष्टी आधी कागदावर लिहा: मॉनिटरचं रिझोल्यूशन (पडद्यावरचे पिक्सेल) आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, हर्ट्झमध्ये), आणि ज्या तीन-चार गेममध्ये तुमचा सर्वाधिक वेळ जाणार आहे त्यांची नावं. प्रोसेसर आणि कार्डापैकी कोण अडवतो हे सांगणारे ‘बॉटलनेक कॅल्क्युलेटर’ या दोन्हींचा पुरता विचार न करताच एक टक्केवारी दाखवतात. तिच्यावर विसंबून खरेदी करू नका.

प्रत्येक फ्रेममागे, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रामागे, दोन वेगळी कामं असतात. पात्रं कुठे आहेत, टक्कर झाली का, शत्रू पुढे काय करणार, हे प्रोसेसर ठरवतो आणि काय काय काढायचं त्याची यादी कार्डाकडे पाठवतो. कार्ड त्या यादीवरून चित्र रंगवतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो, म्हणून दोघांत जो हळू, त्याच्या वेगाने गेम चालतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दोघांनाही आपापलं काम १६.७ मिलिसेकंदांत उरकावं लागतं. १४४ फ्रेमसाठी ६.९ आणि २४० साठी जेमतेम ४.२ मिलिसेकंद मिळतात.

आता रिझोल्यूशन वाढवलं तर काय होतं? १९२०×१०८० मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६०×१४४० मध्ये ३६.९ लाख आणि ४के म्हणजे ३८४०×२१६० मध्ये ८२.९ लाख. कार्डाचं काम त्या मानाने वाढत जातं, प्रोसेसरची यादी मात्र जवळपास तेवढीच राहते. म्हणून प्रोसेसर निवडायचा तो किती फ्रेम हव्यात यावरून, आणि कार्ड निवडायचं ते किती पिक्सेल रंगवायचे यावरून.

दोन तक्ते शेजारी ठेवून निवड

आपल्या गेमचे दोन प्रकारचे रिव्ह्यू शोधा. पहिला प्रोसेसरचा, ज्यात सगळ्यात तगडं कार्ड लावून १०८० किंवा त्याहून कमी रिझोल्यूशनवर चाचणी केलेली असते. त्यातला आकडा म्हणजे त्या गेममध्ये त्या प्रोसेसरची कमाल मर्यादा. दुसरा कार्डाचा, तुमच्याच रिझोल्यूशनवर आणि तुम्ही वापरणार त्याच सेटिंग्जवर. दोन आकड्यांतला लहान आकडा तुमच्या पदरात पडणार. समजा प्रोसेसर १३० फ्रेमपर्यंत जातो आणि कार्ड ९५ पर्यंत, तर मिळतील ९५. इथे आणखी महाग प्रोसेसर घेऊन एकही फ्रेम वाढत नाही, तेच पैसे कार्डात घातले तर १३० पर्यंत वाव आहे. सरासरीसोबत ‘१ टक्का लो’ हा सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा आकडाही बघा, कारण गेम अडखळतो तो तिथे दिसतो.

रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या आणि प्रतिबिंबं काढणं) लावणार असाल तर प्रोसेसरचा आकडाही रे ट्रेसिंग चालू असतानाचाच घ्या. ते फक्त कार्डाचं काम आहे असा समज आहे, पण दृश्यातल्या वस्तूंची रचना सतत अद्ययावत ठेवायचा भार प्रोसेसरवरही येतो.

नवीन मशीन बांधताना आमचा अंदाज असा: १४४० वर कथाप्रधान, देखण्या गेम खेळायच्या तर कार्डावर प्रोसेसरच्या दुप्पट ते अडीचपट खर्च, ४के ला तिप्पट किंवा जास्त. १०८० वर काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट २४० हर्ट्झला खेळायचे असतील तर दीडपटही पुरते. फॅक्टोरिओ, स्टेलारिस, सिटीज स्कायलाइन्स २ अशा हिशेबी गेमचा पसारा वाढत गेला की प्रोसेसरचा घाम निघतो, तिथे हे गुणोत्तर विसरून चांगला प्रोसेसर घ्यावा. अशा बऱ्याच गेममध्ये जास्त कोअरपेक्षा मोठा कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, उपयोगी पडतो. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅशे आहे, रायझन ५ ७६०० मध्ये ३२. पण ६० हर्ट्झच्या ४के मॉनिटरवर हा फरक बहुतेक गेममध्ये जाणवणारही नाही. तिथे सहा कोअरचा ७६०० बेलाशक घ्या.

एक मेख मात्र आहे. डीएलएसएस किंवा एफएसआर ही अपस्केलिंगची, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून मोठं करायची, तंत्रं क्वालिटी मोडवर ठेवली की ४के चं चित्र आतून १४४० वर काढलं जातं आणि १४४० चं साधारण १७०७×९६० वर. कार्ड हलकं होऊन जास्त फ्रेम देऊ शकतं आणि ताण प्रोसेसरवर येतो. अपस्केलिंग कायम चालू ठेवणार असाल तर प्रोसेसर एक पायरी खालचं रिझोल्यूशन धरून निवडा. फ्रेम जनरेशनचं उलट आहे: मधल्या फ्रेम कार्ड स्वतः तयार करतं, म्हणून आकडा वाढतो, पण माउसचा प्रतिसाद मूळ फ्रेमइतकाच, किंवा किंचित मंद, राहतो. प्रोसेसर ३५ वर अडकला असेल तर त्याने हाताला काहीच सुधारणा जाणवत नाही.

आहे त्या पीसीत कोण अडवतंय

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर हे मोजमापाचे प्रोग्राम लावा. पडद्यावर कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, प्रत्येक कोअरचा वापर आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख दिसू द्या. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, नाहीतर निष्कर्ष चुकतो. मग गेममधल्या गर्दीच्या जागी उभे राहा.

कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड मर्यादेवर आहे. तो ६०-७० वर घुटमळत असेल तर रिझोल्यूशन किंवा रेंडर स्केल निम्म्यावर आणून पुन्हा त्याच जागी बघा. फ्रेम वाढल्या नाहीत तर अडथळा बहुधा प्रोसेसर किंवा रॅमचा. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो म्हणून त्याला निर्दोष सोडू नका. गेमचा मुख्य धागा एकाच कोअरवर चालतो, तो एक कोअर भरला की बाकीचे मोकळे असून उपयोग नसतो.

तरीही लगेच प्रोसेसर बदलायला धावू नका. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. डीडीआर५ ६००० ची रॅम बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्स्पो किंवा एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू केल्याशिवाय बरेचदा ४८०० वरच चालते. चार स्लॉटच्या बोर्डात रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. एकच स्टिक असेल तर दुसरी जोडणं प्रोसेसर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी कार्डाला लावली आहे ना आणि विंडोजमध्ये रिफ्रेश रेट ६० वरच राहिला नाही ना, हेही तपासा.

फ्रेम बऱ्या आहेत, पण मधूनच जोरदार झटका बसतो आणि भिंतींवरचे पोत धूसर होतात, तेव्हा दोष बहुतेकदा कार्डाची मेमरी भरल्याचा असतो. आधी टेक्स्चर (पोत) सेटिंग एक पायरी खाली आणा. आरटीएक्स ४०६० सारखं आठ लेनचं (डेटाच्या आठ वाटांचं) कार्ड पीसीआयई ३.० या जुन्या, हळू जोडणीच्या बोर्डावर असेल तर हा झटका जास्त जाणवतो, कारण मेमरीत न मावलेला डेटा त्याच अरुंद वाटेने ये-जा करतो. आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आणि चार जीबी मेमरी आहे. जुन्या बोर्डात ते घालूच नये.

पैसे कुठून काढायचे

६५ वॅटच्या प्रोसेसरवर ३६० मिमीचा लिक्विड कूलर नको, साधा टॉवर कूलर भरपूर झाला. मदरबोर्ड मधल्या वर्गातला घ्या, महागड्या बोर्डाने फ्रेम वाढत नाहीत. पॉवर सप्लायवर मात्र काटकसर करू नका. कार्डाच्या कंपनीने सांगितलेले वॅट ही किमान पातळी समजा, पुढे मोठं कार्ड घ्यायचा विचार असेल तर आताच त्याच्या हिशेबाने घ्या.

दोघांपैकी एकच भाग चांगला घेता येत असेल, तर पुढे काय बदलणं सोपं जाईल ते बघा. कार्ड बदलणं म्हणजे एक स्लॉट, एक-दोन केबल आणि नवा ड्रायव्हर. प्रोसेसर बदलायचा तर सॉकेट, म्हणजे बोर्डावरची त्याची बैठक, आड येतं. इंटेलचं एलजीए १७०० बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चाललं आणि २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० साठी वेगळं सॉकेट आलं, म्हणजे बोर्डही नवा. एएमडीने आपल्या एएम५ सॉकेटला निदान २०२७ पर्यंत साथ देऊ असं सांगितलं आहे, त्यामुळे तिथे आज ७६०० घेऊन कार्डात पैसे घालणं आम्हाला रास्त वाटतं. त्याआधीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड आधीच असेल तर बायोस अपडेट करून रायझन ७ ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी बसतो का ते बोर्डाच्या यादीत बघा. बसत असेल तर नवा बोर्ड आणि नवी रॅम दोन्ही वाचतात, आणि ते पैसे कार्डाला लावता येतात.