वंशावळीचे कागद कसे लावायचे, नवीन मंडळींसाठी थोडं अनुभवातून

घराण्याच्या वंशावळीचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि नवीन लोक विचारतात सुरुवात कुठून करू, तर माझं ठाम मत आहे की कागद लावायची पद्धत आधी ठरवा, मगच दप्तरं धुंडाळायला निघा.

बहुतेक जण माणसागणिक फाइल करतात. नका करू. वारस नोंदीचा एकच फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) घ्या, त्यात मयत खातेदार, मुलगे, लग्न होऊन गेलेल्या मुली, विधवा असे सगळे असू शकतात, मग तो कागद कुणाच्या फाइलीत टाकणार? कागद जिथून मिळाला त्याप्रमाणे लावा, म्हणजे सातबारे-फेरफार एकत्र, शाळेचे दाखले एकत्र, त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीतल्या (येऊन गेलेल्या घराण्यांच्या) नोंदी वेगळ्या, पुण्याच्या पुराभिलेखागारातले मोडी कागद वेगळे. प्रत्येक कागदाला नंबर द्या आणि कुठल्या नंबरात कोण कोण आहे ते एका एक्सेल शीटमध्ये लिहा.

माणसांनाही नंबर द्याच! आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे रामचंद्र गोविंद, त्याचा मुलगा गोविंद रामचंद्र, त्याचा परत रामचंद्र गोविंद, नुसत्या नावावर गेलात तर दोन पिढ्या एक होऊन बसतात. बायकांचं माहेरचं आणि सासरचं नाव एकाच नंबरखाली ठेवा. जुन्या वंशावळींत बायकांची नावं बऱ्याचदा नसतातच, ती फेरफारात सापडतात, म्हणून मला सगळ्या कागदांत फेरफार जास्त जवळचा वाटतो. जुन्या सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफाराचे नंबर, ते धरून मागे मागे जायचं.

तारीख कागदावर जशी आहे तशीच उतरवायची, इसवी सन शेजारच्या रकान्यात. शकात 78 मिळवायचे, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तिथी असेल तर 79. फसलीत (महसुली कागदांवरचं जुनं साल) 590, आणि जानेवारीपासून पुढचे, साल संपेपर्यंतचे महिने असतील तर 591, कारण आपल्याकडचं फसली साल जूनमध्ये सुरू होतं.

स्कॅनच्या फाइलीचं नाव वर्षाने सुरू करा, 1931_फेरफार_गाव_नंबर असं, आपोआप क्रमाने लागतात. पाठची बाजूही स्कॅन करा, शिक्के-शेरे तिथेच असतात. जुन्या कागदाला लॅमिनेशन आणि सेलोटेप अजिबात नको.

मोडीचं लिप्यंतर मूळ प्रतीच्या मागेच ठेवा, वर कोणी वाचलं आणि कधी ते लिहा, शंका असलेल्या शब्दावर प्रश्नचिन्ह टाका.

आणि दाखल्यावर जन्मतारीख 1 जून दिसली की थांबा, शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की सर्रास तीच टाकायचे. गावच्या जन्म-मृत्यू नोंदीत, म्हणजे कोतवाल बुकात, वेगळी तारीख निघाली तर शीटमध्ये दोन्ही ठेवा आणि कुठली कुठल्या कागदावरून आली तो नंबर पुढे लिहा, एकही खोडू नका.