हॅम स्टेशनमध्ये माईक आणि कॉम्प्युटरचा आवाज कसा जोडावा

एकाच हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या सेटवर माईकने बोलायचं असेल आणि कॉम्प्युटरने एफटी८ ही छोट्या डिजिटल संदेशांची पद्धतही चालवायची असेल, तर आधी एक ठरवून टाका: माईकची वायर कॉम्प्युटरमधून फिरवायची नाही. आवाज गोड करायला माईक आधी लॅपटॉपला आणि मग सेटला जोडणारे आहेत. कोल्हापुरात मी हे कुणालाच सुचवणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथल्या कितीतरी वस्त्यांची वीज गेली होती. अशा वेळी सेट बॅटरीवर चालतो, आणि लॅपटॉप बंद असला तरी माईक उचलून बोलता आलंच पाहिजे. म्हणून माईक थेट सेटच्या माईक सॉकेटमध्ये आणि कॉम्प्युटर मागच्या बाजूने.

मागची बाजू म्हणजे काय, ते सेटवर अवलंबून आहे. आयकॉम ७३०० सारख्या सेटमध्ये साउंड कार्ड आतच असतं, एक यूएसबी केबल पुरते. मेनूत ‘डेटा ऑफ मॉड’ला माईक आणि ‘डेटा मॉड’ला यूएसबी निवडा. मग साध्या मोडमध्ये फक्त माईक जातो, डेटा मोडमध्ये फक्त कॉम्प्युटर. माईकसमोरचं बोलणं डिजिटल सिग्नलमध्ये मिसळायचा प्रश्नच उरत नाही.

जुन्या सेटला बहुधा सहा पिनांचं डेटा सॉकेट असतं. त्याला बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड जोडा. या सॉकेटमधून येणारा आवाज व्हॉल्यूमच्या बटणाने बदलत नाही, ही मोठी सोय. डेटा सॉकेटच नसेल, तर कॉम्प्युटरचा आवाज माईक सॉकेटमधूनच द्यावा लागतो. पण माईकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा आणि साउंड कार्डचा जवळजवळ एक व्होल्टपर्यंतचा. मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि १०० ओहमचा ग्राउंडला लावा, सिग्नल साधारण शंभरावा हिस्सा होतो.

आता कॉम्प्युटर. विंडोजमध्ये सेटचं साउंड कार्ड डिफॉल्ट ठेवू नका. डिफॉल्ट लॅपटॉपचा स्पीकरच असू दे, नाहीतर मेल आल्याची टिंग हवेत जाईल, चुकून गाणं लागलं तर तेही. हॅमला संगीत प्रसारित करायची परवानगी नाही. आवाज ‘सुधारणारे’ सगळे पर्याय बंद करा आणि सेटचं कार्ड फक्त डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ चालवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये निवडा.

लेव्हल लावताना घाई नको. ऐकण्याची बाजू सोपी: बँडवर नुसता खरखराट असताना प्रोग्राममधलं मीटर ३० डीबीच्या आसपास आणा. पाठवण्याची बाजू डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर लावा. प्रोग्राममधलं ‘ट्यून’ बटण दाबा, सेटचं मीटर एएलसीवर (जास्त झालेला आवाज सेट आपोआप किती दाबतोय ते दाखवणारं माप) ठेवा आणि कॉम्प्युटरचा आवाज शून्यापासून हळूहळू चढवा. एएलसीचा काटा हलू लागला की थोडं मागे या. यापुढे चढवलं तर पॉवर फारशी वाढत नाही, सिग्नल मात्र फाटतो. ७०० हर्ट्झचा टोन फाटला की १४०० आणि २१०० वरही त्याच्या सावल्या उमटतात आणि शेजारच्यांचे सिग्नल झाकले जातात. म्हणून प्रोग्रामच्या ‘स्प्लिट’ सेटिंगमध्ये ‘रिग’ किंवा ‘फेक इट’ निवडा. टोन १५०० ते २००० हर्ट्झमध्ये राहतो आणि या सावल्या फिल्टरच्या बाहेर पडतात. एफटी८ मध्ये पाठवताना सेट सलग तापतो, पॉवर निम्म्यावर ठेवलेली बरी.

एवढं करूनही गुणगुण येत असेल तर अँटेना काढून बघा. उद्यमनगरच्या बाजूला राहत असाल तर वेल्डिंग आणि मोटारींचा गोंगाट अँटेनातून येतो, तो अँटेना काढली की थांबेल. गुणगुण तशीच राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढा. आता थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे सेट आणि लॅपटॉपच्या ग्राउंडमधून नको तो प्रवाह फिरतोय. आवाजाच्या दोन्ही वायरींत ६०० ओहमचे एकास एक ट्रान्सफॉर्मर घाला, आणि पीटीटी (सेटला पाठवायला लावणारा सिग्नल) वेगळ्या वायरीने जात असेल तर त्यात ऑप्टोकपलर. गडबड फक्त पाठवतानाच होत असेल, यूएसबी मध्येच तुटत असेल, तर आरएफ, म्हणजे सेटचाच रेडिओ सिग्नल, केबलमध्ये घुसतोय. यूएसबी केबलचे काही वेढे फेराइट रिंगवर घ्या.

शेवटी लॅपटॉप पूर्ण बंद करा, सेट साध्या मोडवर आणा आणि माईकवरून एखाद्या ओळखीच्या स्टेशनकडून रिपोर्ट घ्या.