हरणाच्या नजरेतून सुटण्यासाठी कॅमोफ्लाज कपडे कसे तयार करावेत

कॅमोफ्लाज कपडे विकत घेताना बहुतेक जण एकच कसोटी लावतात: झाडाला टेकून फोटो काढायचा आणि त्या फोटोत आपण किती दिसेनासे झालो ते पाहायचे. ही कसोटी निरुपयोगी आहे, कारण फोटो पाहणारा डोळा माणसाचा असतो. पाने, फांद्या आणि साल यांचे हुबेहूब चित्र छापलेले महागडे कापड माणसाला सहज फसवते, पण हरणाचा डोळा वेगळ्या घडणीचा असल्यामुळे त्याला त्या चित्रातील बारकावे दिसत नाहीत आणि आपल्याला न दिसणारे काहीतरी भलतेच दिसते. हातात बंदूक असो वा कॅमेरा, लपणात बसणाऱ्या प्रत्येकाने कपड्यांवर खर्च करण्याआधी हा फरक समजून घ्यावा. (शिकारीबद्दल येथे जे लिहिले आहे, ते शिकार कायदेशीर असलेल्या प्रदेशांपुरतेच आहे.)

माणसाच्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, तर हरणाकडे त्या दोनच प्रकारच्या असतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणांवरील मोजमापे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनुसार एक प्रकार ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला आणि दुसरा सुमारे ५३७ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. तांबड्या प्रकाशासाठी वेगळी पेशीच नसल्यामुळे हिरवा, तपकिरी, नारिंगी आणि तांबडा हे रंग हरणाला एकमेकांपासून नीट वेगळे करता येत नाहीत. निळा मात्र त्याला ठळकपणे दिसतो. शिवाय आपल्या डोळ्यातील भिंग अतिनील किरण बऱ्याच अंशी अडवते, तसा अडसर हरणाच्या भिंगात कमी असतो. कपड्यांबाबतचे पुढचे सगळे निर्णय या दोन गोष्टींवरून घ्यायचे आहेत.

कापड कसे निवडावे

हरणाची नजर माणसाइतकी तीक्ष्ण नसते, त्यामुळे बारीक पानांची दाट नक्षी काही अंतरावरून त्याला एकसंध गडद ठिपक्यासारखी दिसते आणि माणसाच्या आकाराचा तो ठिपका संशयास्पद ठरतो. म्हणून फिकट आणि गडद छटांचे मोठे, अनियमित पट्टे असलेले कापड घ्यावे, म्हणजे खांद्यांची आणि डोक्याची बाह्यरेषा तुटते. निळी जीन्स घालू नये. चुरचुर आवाज करणारे कापड दुकानातच परत ठेवावे.

धुलाई: खरी अडचण येथे आहे

कपडे घेतल्यावर लोक ते घरातल्या नेहमीच्या पावडरीने धुतात आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. या टप्प्यावर मी सर्वाधिक अडखळलो आहे आणि सर्वाधिक चुकीचे सल्लेही मला याच टप्प्याबद्दल ऐकावे लागले आहेत, म्हणून येथे घाई करू नये.

बहुतेक डिटर्जंटमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर नावाची रसायने घातलेली असतात. ती अतिनील किरण शोषून घेतात आणि तीच ऊर्जा निळ्या प्रकाशाच्या रूपात, साधारण ४४० नॅनोमीटरच्या आसपास, बाहेर टाकतात. पांढरे कपडे ‘अधिक पांढरे’ दिसतात ते यामुळेच. हा प्रकाश हरणाच्या निळ्या शंकुपेशीच्या अगदी टप्प्यात येतो. पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे हरणे बाहेर पडतात नेमक्या त्या वेळी, सूर्य क्षितिजापाशी असतो आणि सावलीतल्या प्रकाशात आकाशाच्या निळ्या व अतिनील भागाचे प्रमाण वाढलेले असते. अशा प्रकाशात आपल्याला मातकट दिसणारा शर्ट आजूबाजूच्या पानांच्या तुलनेत निळसर उजळलेला असू शकतो. पाने आणि साल अतिनील किरण फारसे परावर्तित करत नाहीत, त्यामुळे हा फरक अधिकच उठून दिसतो.

म्हणून कपड्याला पाणी लावण्याआधी डिटर्जंटच तपासावे. पूर्ण अंधाऱ्या खोलीत चिमूटभर पावडर टेबलावर ठेवून तिच्यावर अतिनील टॉर्च धरावा. पावडरीचे कण निळसर चमकले, तर ती कपड्यांना लावू नये. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचाच घ्यावा. स्वस्तात मिळणारे ३९५ नॅनोमीटरचे टॉर्च स्वतःच जांभळा प्रकाश टाकतात. तो कापडावरून परावर्तित होतो आणि नसलेली चमक दिसल्याचा भास होतो. टॉर्चच्या झोतात थेट पाहू नये आणि तो कोणाच्या डोळ्यांवर धरू नये.

‘बिनवासाचे’ असे लिहिलेले डिटर्जंट ब्राइटनरविरहित असेलच असे नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदारही त्यांची सर्रास गल्लत करतात. मशीनच्या ड्रममध्ये आधीच्या धुलाईचे अवशेष राहतात, म्हणून एकदा गरम पाण्याने रिकामे मशीन फिरवून घ्यावे, नाहीतर सरळ स्वच्छ बादलीत हाताने धुवावे. सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर पूर्णपणे टाळावे.

यानंतर प्रत्येक कपडा अंधारात टॉर्चखाली उलटसुलट करून पाहावा आणि तुलनेसाठी शेजारी छपाईचा साधा पांढरा कागद ठेवावा. त्या कागदात ब्राइटनर भरपूर असतात, त्यामुळे तो लख्ख निळा उजळतो. कापड त्याच्या शेजारी काळपट राहिले, तर ते वापरण्याजोगे आहे. पाठीवर आणि छातीवर काहीच न दिसता कॉलरच्या आतले लेबल, खिशाच्या कडेची शिलाई आणि बटणे जोडणारा दोरा मात्र एखाद्या रेघेसारखा चमकताना सापडतो. लेबल उसवून टाकावे आणि दोऱ्यावर गडद तपकिरी मार्कर फिरवावा.

नवीन कपडे पहिल्या धुलाईच्या आधीच चमकू शकतात, कारण ब्राइटनर कारखान्यातही लावले जातात. ही रसायने तंतूंना चिकटून राहण्यासाठीच बनवलेली असतात, त्यामुळे ‘पाचसहा वेळा साध्या पाण्यात काढा, निघून जाईल’ या सल्ल्यावर विसंबू नये. अतिनील किरण शोषणारे द्रावण बाजारात मिळते. ते लावून पुन्हा टॉर्चखाली तपासावे. तरीही कपडा चमकत राहिला, तर तो लपणात नेऊ नये, मग त्याची किंमत कितीही असो.

नारिंगी जाकिट काढू नये

चकाकते नारिंगी जाकिट हरणाला दिसते, या भीतीने ते पिशवीत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. हे धोकादायक आहे. त्या जाकिटाचा प्रकाश सुमारे ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो आणि तिथे हरणाची दृष्टी फार मंद असते. दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र आपण माणूस आहोत हे दुरूनही कळते. अनेक प्रदेशांत ते कायद्यानेच बंधनकारक आहे. तेही टॉर्चखाली तपासावे आणि निळी चमक दिसली तरच बदलावे.

प्रत्यक्ष बसताना

चेहरा आणि हात झाकावेत. पाठीमागे झाड किंवा झुडूप असावे. टेकडीच्या कडेवर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर कधीही बसू नये.

हरणाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात आणि बाहुली आडवी असते, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते आणि हालचाल तर फारच चटकन टिपता येते. उत्तम कपड्यातला चुळबुळ्या माणूस साध्या तपकिरी सदऱ्यातल्या स्थिर माणसाच्या कितीतरी आधी पकडला जातो. हात हलवायचा असेल, तर हरणाचे डोके गवतात असताना किंवा झाडाआड गेलेले असताना हलवावा.

वारा आपल्याकडून हरणाकडे वाहत असेल, तर जागा बदलावी. वास पोहोचल्यावर कोणताही कपडा उपयोगी पडत नाही. तयार केलेले कपडे घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवावेत, जागेवर पोहोचल्यावरच अंगावर चढवावेत आणि घरच्या इतर कपड्यांबरोबर पुन्हा कधीही धुऊ नयेत.