विकीचं बिऱ्हाड हलवायचं असेल तर

शाईच्या पेनांवरचा एक विकी, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायची वेबसाइट, मी आणखी चौघांबरोबर गेली कित्येक वर्षं सांभाळते. निबांचे प्रकार, फीडच्या (निबेपर्यंत शाई नेणाऱ्या भागाच्या) खाचा, कडक झालेली रबरी पिशवी कशी बदलायची, असा सगळा ऐवज त्यात आहे. हा विकी आम्हाला दोनदा हलवावा लागला. पहिल्या खेपेला आम्ही जे गमावलं ते तुम्ही गमावू नये, म्हणून हे लिहिते आहे.

बांधाबांध करण्याआधी विकीला जागा देणाऱ्या कंपनीचा इतिहास वाचा. मी सगळ्यांना विकियाचा वाचायला सांगते. जिमी वेल्स आणि अँजेला बीस्ली यांनी २००४ मध्ये विकीसिटीज सुरू केली. विकिपीडिया देणग्यांवर चालतो, ही मात्र नफ्यासाठी काढलेली कंपनी होती. विश्वकोशात न मावणारे विषय इथे यावेत, जागा फुकट मिळावी आणि खर्च जाहिरातींतून निघावा, असा हिशोब होता. २००६ मध्ये तिचं नाव विकिया झालं. त्याच वर्षी आधी बेसेमर व्हेंचर पार्टनर्ससारख्या गुंतवणूकदारांकडून ४० लाख डॉलर आले आणि नंतर ॲमेझॉनचेही पैसे आले. २००८ मध्ये त्यांनी स्वतःचं शोधयंत्र काढलं आणि २००९ मध्ये बंद केलं. २०१६ पासून फॅन्डम हे नाव पुढे आलं आणि २०१८ मध्ये टीपीजी ही गुंतवणूक कंपनी मालक झाली. नाव, मालक, पानाची मांडणी सगळं बदलत गेलं. लिहिणारी माणसं मात्र तीच होती, आणि तीही बिनपगारी.

यातली वॉववीकीची गोष्ट मला फार शिकवून गेली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळावरचा हा विकी २००७ मध्ये विकियाकडे आला. २०१० मध्ये कंपनीने पानांची नवी मांडणी सक्तीची केली. संपादकांना ती पटली नाही. ते मजकूर घेऊन बाहेर पडले आणि कर्स या कंपनीकडे वॉवपीडिया उभा केला. जुना विकी आणि त्याचा पत्ता विकियाकडेच राहिला. पुढे २०१८ च्या डिसेंबरात फॅन्डमने कर्सचे विकीच विकत घेतले, म्हणजे आठ वर्षांनी ही माणसं फिरून त्याच मालकाच्या दारात आली. २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा बिऱ्हाड हलवलं. मुक्त परवान्यामुळे मजकूर नेता येतो, पण पत्ता नेता येत नाही. म्हणून नव्या जागी जाताना डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या संस्थेच्या नावावर घ्या. रुनस्केप या खेळाच्या विकीने २०१८ मध्ये आणि माइनक्राफ्ट या खेळाच्या विकीने २०२३ मध्ये तेच केलं. डोमेन आपलं असलं की उद्या सर्व्हर बदलला तरी वाचकाला काही शोधत बसावं लागत नाही.

आता परवाना. विकीच्या तळाशी तो लिहिलेला असतो. बहुतेक ठिकाणी क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय द्या आणि त्याच अटींवर वाटा असा परवाना असतो, त्याखाली मजकूर नेता येतो. तरी गृहीत धरू नका. स्टार ट्रेकवरच्या मेमरी अल्फा या विकीचा परवाना व्यापारी वापराला मनाई करतो. तसा मजकूर जाहिराती दाखवणाऱ्या जागी न्यायचा तर आधी जाणत्याला विचारा.

मग निर्यात. घाई नेमकी इथेच नडते. मीडियाविकी या विकी चालवणाऱ्या प्रणालीवर ‘विशेष पाने’मध्ये निर्यातीचं पान असतं. पानांची नावं द्यायची किंवा एखादा वर्ग निवडायचा, की सगळा मजकूर असलेली एक्सएमएल फाइल मिळते. तिथे ‘फक्त सध्याची आवृत्ती’ अशी खूण आधीपासून केलेली असते. ती काढा. पहिल्या खेपेला आमच्या तेव्हाच्या कंपनीने महिन्याभराची मुदत दिली होती. धावपळीत ती खूण तशीच राहिली. पानं आली, पण कोणी काय लिहिलं त्याचा सगळा इतिहास मागे राहिला आणि मुदत संपल्यावर पुसला गेला. निब घासण्यावरचं आमचं सर्वांत चांगलं पान ज्या बाईंनी दोन हिवाळे खपून लिहिलं होतं, त्यांनी मला एका ओळीचं पत्र पाठवलं: ‘माझं नाव कुठे गेलं?’ ती ओळ वाचून मला रडू आलं. नशिबाने पहाऱ्याच्या सूचीची, म्हणजे लक्ष ठेवलेल्या पानांत बदल झाला की येणारी, जुनी ईमेलं माझ्याकडे होती. प्रत्येक बदलाची तारीख आणि करणाऱ्याचं नाव त्यांत होतं. त्यांवरून पाच महिने याद्या करून त्या प्रत्येक पानाच्या चर्चापानावर लावल्या. परवान्यात श्रेय द्या असं म्हटलेलं असतं, ते हेच.

निर्यातीत साचे, म्हणजे अनेक पानांवर वापरायचे तयार तुकडे, घेण्याची खूणही करा, नाहीतर माहितीचौकटीच्या जागी नुसते महिरपी कंस दिसतील. आणि एक्सएमएलमध्ये चित्रं येत नाहीत, ती वेगळी उतरवावी लागतात. मोठा विकी असेल तर विकीटीम या स्वयंसेवकांचं साधन वापरा, ते पानं, इतिहास आणि चित्रं एकत्र उतरवतं. उतरवलेल्या फाइलींमधली पाचपन्नास पानं उघडून मूळ विकीशी ताडून बघा. आम्ही दुसऱ्या खेपेला हे केलं तेव्हा एका पेनाच्या फीडची सात चित्रं आलीच नव्हती असं लक्षात आलं. जुनी जागा चालू होती, म्हणून ती परत मिळवता आली.

हे काम मुदत जाहीर होण्याआधीच करून ठेवा. विकीस्पेसेस ही विकींना जागा देणारी सेवा २००५ ची. कितीतरी शिक्षकांनी आपले वर्गच त्यावर मांडले होते. २०१८ च्या सुरुवातीला बंद होण्याची सूचना आली आणि फुकटचे विकी त्याच वर्षीच्या जुलैअखेर गेले. मी दर तीन महिन्यांनी पूर्ण प्रत काढते आणि ती दोघांच्या घरी वेगवेगळ्या डिस्कवर राहते.

नव्या जागी आधी विस्तार, म्हणजे मीडियाविकीला जोडायच्या जादा सोयी, बसवा; निदान साच्यांना लागणारा ‘पार्सरफंक्शन्स’ आणि संदर्भांसाठीचा ‘साइट’ (Cite) तरी. नंतरच आयात करा. क्रम उलटा झाला तर पानं मोडकी दिसतात आणि लोक घाबरून ती ‘दुरुस्त’ करायला लागतात. आयात झाल्यावर अलीकडील बदलांची यादी नव्याने बांधायची आज्ञावली चालवायला विसरू नका.

जुना विकी बंद होईल अशी आशा धरू नका. फॅन्डमवर समुदाय निघून गेला तरी विकी तिथेच राहतो आणि शोधात बरेच दिवस वर दिसतो. म्हणून बाहेरचे दुवे बदलायची कामं वाटून घ्या. आम्ही एक तक्ता केला: कोणत्या ठिकाणी आपला जुना दुवा आहे, कोणाला लिहायचं, कधी लिहिलं, बदलला का. दर रविवारी प्रत्येकाने दहा ओळी हाताळायच्या. आठव्या महिन्यात निब घासण्याचं पान शोधलं तर आमचा नवा पत्ता पहिला आला. मी लगेच त्या बाईंना त्याचं चित्र पाठवलं, चर्चापानावरच्या यादीतल्या त्यांच्या नावासकट.