मत्स्यजिरे सोडण्यापूर्वी तळ्याचा काठ मोकळा करा

शहापूर, मुरबाड आणि भिवंडीकडच्या शेततळ्यांत दर पावसाळ्यात तेच नुकसान पाहतो. काठच्या पाणकणीस आणि हायड्रिला या पाणवनस्पती तशाच ठेवून जिरे (माशांची अगदी लहान पिल्ले, म्हणजेच मत्स्यबियाणे) सोडले जाते आणि पंधरा दिवसांनी जाळे रिकामे आले, की दोष बियाण्याला दिला जातो. जिरे जेमतेम ६ ते ८ मिलिमीटरचे असते. बुडालेल्या देठाला चिकटलेली चतुराची अळी निश्चल बसून राहते आणि जिरे टप्प्यात येताच दुमडलेला खालचा ओठ झटकन पुढे फेकून ते पकडते. देठच नसेल, तर तिला दबा धरायला जागा उरत नाही. म्हणून पावसाने उघडीप दिलेला पहिला दिवस याच कामाला द्यावा. लावणी एक दिवस मागे पडली तरी चालेल.

दुकानदार कीटकनाशकाची बाटली पुढे करील, ती घेऊ नये; तिने जिऱ्याचे खाद्य असलेले सूक्ष्म जीवही मरतात. शिफारशीप्रमाणे हेक्टरी ५६ किलो तेल व १८ किलो साबण, म्हणजे गुंठ्याला सुमारे ५६० ग्रॅम तेल व १८० ग्रॅम साबण, एकत्र घोटून जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी, वारा पडलेला असताना पसरावे. या तवंगाने हवेसाठी वर येणारे पाणविंचू आणि पाठीवर पोहणारे किडे गुदमरतात. चतुराची अळी मात्र पाण्यातच श्वास घेत असल्याने वाचते. तिच्यासाठी गवत मुळासकट उपटणे आणि बारीक जाळे ओढणे हाच उपाय आहे.

वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर, मरळ आणि मागूर हे जिरे खाणारे मासे चढून येतात व याच गवतात दडतात, त्यामुळे पाणी आत येण्याच्या तोंडाला बारीक जाळी हवीच.

इतर कामे:
- चुना: हेक्टरी २०० ते २५० किलो
- बियाण्याची पिशवी पाण्यावर तरंगत ठेवणे: १५ ते २० मिनिटे
- जिरे सोडण्याची वेळ: सकाळ किंवा संध्याकाळ

बोटुकली (बोटाएवढी झालेली पिल्ले) वाढवण्याच्या मोठ्या तळ्यात मात्र थोडा आडोसा हवा, कारण उघड्या पाण्यात पाणकावळे तिला सहज टिपतात. तळ्याच्या एका कोपऱ्यात बांबूच्या फांद्या रोवाव्यात; दहाव्या भागाहून अधिक जागा व्यापू नये, हा माझा अंदाज आहे.

बियाणे आणण्याच्या आदल्या दिवशी मच्छरदाणीचा तुकडा काठाकाठाने ओढून पांढऱ्या परातीत झटकावा. त्यात चतुराची अळी वळवळताना दिसली, तर बियाणे आणू नये. गवत कुठे राहिले ते शोधून आधी काढावे.